चि. सागर यास

चिपळूण, गुरुवार

अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन आपटला, ते चुकलंच. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्या त्या भाड्याच्या गाडीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

तू पाठवलेली फिल्म चार वेळा पाहिली. १९७६ सालचा ऑगस्ट, पहाटेचं पॅरिस, आणि तो फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लेलूश सिग्नल तोडत, कबुतरं उडवत मोंमार्त्रच्या चर्चपाशी जाऊन थांबतो. आठेक मिनिटं, मध्ये कुठे कट नाही. पण आवाज त्या गाडीचा नाही रे! डोळे मिटून गिअर मोजले. इंजिन जेवढं किंचाळतं, तेवढा रस्ता मागे पळत नाही. मग पिंकीने शोधून दिलं. कॅमेरा मर्सिडीजच्या नाकावर बांधलेला, आवाज फेरारीचा, नंतर चढवलेला. मर्सिडीजला तर ऑटोमॅटिक गिअर! ३२ वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलंय, कान अजून शाबूत आहेत. तुम्ही पोरं ज्या आवाजावर भाळलात, तो दुसऱ्याच गाडीचा.

एका जागी मात्र फिल्म थांबवून पाणी प्यालो. लूव्रच्या कमानीपलीकडचं दिसत नाही, म्हणून तिथे वॉकीटॉकी देऊन आपल्या मदतनीसाला, एली शुराकीला उभं केलं होतं. वॉकीटॉकीच बंद पडला. इकडे लेलूशला काही ऐकू येईना, त्याने रस्ता मोकळा आहे असं धरलं आणि घातली गाडी. कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की आमचा कंडक्टर बॅटरी घेऊन पुढे चालायचा. त्याचा उजेड दिसेना झाला की मी जागच्या जागी उभा. मागून प्रवासी शिव्या घालायचे. घालू देत.

तू बॉनेटवर बसून पोफळीपर्यंत यायचास, आठवतं? बूड भाजलं तरी उतरायचा नाहीस. तात्यांच्या त्या रात्रीनंतर आईने ते बंद केलं. आज तोच पोरगा पॅरिसात शिकतोय, हे मी डेपोत जाऊन दोनदा सांगून आलो.

तिकडे गाडी उजवीकडून चालवतात, तुझा हात डावीकडचा. त्या आर्क द त्रिओम्फच्या चक्रात बारा रस्ते येऊन मिळतात, आणि आधी वाट आत शिरणाऱ्याला द्यायची. म्हणजे आपल्या सवयीच्या उलटंच. पहाटे रस्ता रिकामा असतो म्हणालास. झाडूवाले पहाटेच निघतात, बाबा.

बघ, आलोच त्यावर. रागावू नकोस. तू मोठा झालास, मित्र चांगले आहेत, भाड्याने गाडी घ्यायला माझी परवानगी लागत नाही.

पण रविवारपासून तुझा फोन नाही. आई म्हणते, अभ्यासात असेल. मी सकाळपासून तीनदा मोबाईलची रेंज बघितली. बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसता मिस्ड कॉल दे. दोनदा दे, डबल बेलसारखा.

तुझा,
बाबा