बाबा, इथल्या कॅथेड्रलमध्ये तुमचा दिवा आहे

डरहॅम
इंग्लंड
रविवार, १३ जुलै २०२५

ती. बाबांस आणि सौ. आईस
सा. न.

आधी आईसाठी. जेवण व्यवस्थित चाललंय. तूरडाळ न्यूकॅसलहून आणते, ट्रेनने पाव तासाच्या आत पोचता येतं. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडायचा, तेव्हा फोनवर रडले होते ना? आता रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड असतो. काळजी करू नकोस.

गाव चिमुकलं आहे. वेअर नदी जवळजवळ पूर्ण वळसा घेते आणि त्या वळशातल्या उंचवट्यावर किल्ला आणि कॅथेड्रल समोरासमोर उभे आहेत. किल्ल्याचं काम १०७२ मध्ये सुरू झालं, कॅथेड्रलचं १०९३ मध्ये. किल्ल्यात आता विद्यार्थी राहतात. आपल्याकडे चंद्रपुरात गोंडराजाच्या परकोटात हॉस्टेल काढावं, तसं! माझी खोली मात्र नदीपलीकडे, चढावर आहे. लायब्ररीतून परतताना पिशवीत पुस्तकं आणि दूध असलं की तो चढ अंगावर येतो.

पण पत्र लिहायला बसले ते कालच्या दिवसासाठी. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी इथे खाणकामगारांचा मेळावा भरतो, १८७१ पासून. लिहितात 'गाला', पण इथले लोक म्हणतात 'गेला'. बाबा, तो शब्द कानावर पडला की मला अजून दचकायला होतं. आपल्या खाणीच्या कॉलनीत रात्री दार वाजून हा शब्द ऐकू आला, की काय झालेलं असायचं ते तुम्हाला माहीत आहे.

सकाळीच बँड वाजू लागले. एकेका खाणीचं एकेक निशाण, रंगवलेलं रेशमी कापड, दोन बाजूंना दोन जाड काठ्या. पुलावर वारा शिरला की कापड शिडासारखं फुगतं, आणि पुढे-मागे दोऱ्या धरलेली माणसं टाचा रोवून मागे रेलतात. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाईंच्या तळहाताला दोरी काचून लाल वळ उठला होता, पण त्यांनी ती कोणाला दिली नाही. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खाण, वेअरमाउथ, १९९३ मध्येच बंद झाली. खाणी नाहीत, पण गावं निशाणं घेऊन येतात. पूर्वी ज्या वर्षी खाणीत माणूस दगावे, त्या वर्षी तिच्या निशाणाला काळं कापड बांधत. १९५१ मध्ये ईझिंग्टनला स्फोटात ८३ जण गेले.

दुपारी बँड आणि काही निशाणं थेट कॅथेड्रलमध्ये जातात. त्या अवाढव्य दगडी खांबांमधून पितळी वाद्यांचा आवाज घुमत येतो तेव्हा छातीत हलतं. महाकालीच्या यात्रेत ढोल अगदी जवळून गेला की होतं, तसंच.

तिथे खाणकामगारांचं स्मारक आहे. शेजारी पितळी सेफ्टी लॅम्प टांगलेला. तुम्ही खाणीत मायनिंग सरदार झालात तेव्हा गॅस तपासायला मिळाला होता ना, त्याच जातीचा. मी लहानपणी त्याची काच पुसायला मागायचे. स्मारकावर लिहिलंय की या परगण्याच्या खाणींत ज्यांनी प्राण दिले त्यांचं, आणि आज जे काळोखात, धोक्यात काम करतात त्यांचंही, देवापुढे स्मरण करा. इथे आता त्या 'आज'मध्ये कोणी उरलेलं नाही. तुम्ही आहात. तुमची कालची नाईट शिफ्ट होती हे मला ठाऊक होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

माझा प्रबंध याच खाणींवर आहे. बंद खाणींत पाणी भरतं आणि जमिनीखालच्या उबेने ते कोमट राहतं. जवळच्या गेट्सहेडला तसं पाणी वर काढून, पंपाने त्यातली उष्णता घेऊन घरं तापवतात. तुम्ही सांगायचात, खाली हिवाळा नसतो. माझ्या सगळ्या आकड्यांमागे तुमचं ते वाक्य आहे.

एक काम करा. शेजारचे काका खाणीचं छत कोसळून गेले, त्यांचं नाव मी कुठल्याही फलकावर पाहिलेलं नाही. काकूंना विचारून त्यांचं पूर्ण नाव आणि तारीख कळवा, त्यांची हरकत नसेल तरच. प्रबंधाच्या पहिल्या पानावर ते मराठीत लिहायचं आहे. सप्टेंबरच्या आधी हवं.

तुमची,
छकुली