सदाफुली, तगर आणि तुझी बोटं

सांगली,
१२ जानेवारी

प्रिय मंदा,

परवा फोन ठेवला आणि तुझं एकच वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. ‘चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही गं, फाटकापर्यंत तशीच गेले.’ तू हसत सांगितलंस, मला मात्र रडू आलं. दिवाळीत तुझ्या अंगणात मी पाहिलं होतं ना, रांगोळी चिमटीतून नुसती ओघळत होती आणि ती धरल्याचंही तुला समजत नव्हतं, सुटल्याचंही. हॉस्टेलच्या दारात एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढणारी तू! आणि फ्रिजमधली दुधाची पिशवी पदरात गुंडाळून बाहेर काढलीस, ते तर डोळ्यांसमोरून हलत नाही.

‘केमो म्हटलं की एवढं चालायचंच,’ असं तुला दवाखान्यात कुणी सांगितलं, त्याचा मला खरंच राग आलाय. हे चालवून घ्यायचं दुखणं नाही. तुला दिलेलं ऑक्झॅलिप्लॅटिन, म्हणजे प्लॅटिनम असलेलं केमोचं औषध, मणक्याशेजारच्या मज्जापेशींच्या गाठींत साचतं. लांबलचक नसांना त्याची झळ आधी लागते, म्हणून हातापायांची टोकं आधी बधिर होतात आणि गार वस्तूला हात लावला की सुया टोचतात. औषध बंद झाल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो. तेव्हा ‘आता वाढतंय म्हणजे माझ्या मनाचेच खेळ’ हे डोक्यातून काढून टाक.

आता तुला आलेल्या त्या मेसेजबद्दल, भास घडवणाऱ्या मशरूमने नसांचं दुखणं जातं म्हणणाऱ्या. त्या कॅप्सूल मागवणार आहेस म्हणालीस. मंदा, मागवू नकोस. त्यात काय भरलंय ते कुणाला ठाऊक नाही आणि तुझं शरीर आत्ताच एका मोठ्या लढाईतून बाहेर आलंय. पण त्या मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, मशरूमची नाही, पण भास घडवणाऱ्या दुसऱ्या एका वनस्पतीची. ती मी तुला सांगणारच, कारण वर्गात शिकवताना मला स्वतःला तिचं फार अप्रूप वाटतं.

मध्य आफ्रिकेत, गॅबॉनकडे, इबोगा नावाचं झुडूप आहे. त्याच्या मुळाच्या सालीत आयबोगेन असतं. ते घेतलं की माणसाला तासन्‌तास भास होतात. हृदयाचे ठोके बिघडून माणसं दगावलीही आहेत. पण त्याच रेणूत व्यसन सोडवण्याचा गुण दिसला, म्हणून अमेरिकेत मार्टिन क्यून आणि स्टॅन्ली ग्लिक यांनी १९९० च्या दशकात त्याचा एक भाऊबंद घडवला, १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडिन. उद्देश हाच, की गुण राहावा आणि भास जावेत. पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिड ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत टॅबर्नॅन्थॅलॉग हा त्याचा आणखी एक भाऊबंद तयार झाला, त्याचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. भास होतात की नाही हे उंदराला कसं विचारणार? भास घडवणाऱ्या औषधांनी उंदीर विशिष्ट तऱ्हेने डोकं झटकतात. या औषधाने ते झटकत नाहीत.

आता तुझ्या कामाचं. २०२० मध्येच एका गटाने उंदरांना तुझंच ऑक्झॅलिप्लॅटिन देऊन त्यांच्या नसा दुखावल्या आणि त्यांना गार तबकडीवर ठेवलं. गारठा सोसेनासा झाला की उंदीर पंजा चाटतो. तो किती वेळाने चाटतो, ते मोजायचं. १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडिन दिलेल्या उंदरांचं दुखणं कमी झालं. वेदनेचा निरोप पुढे पोचवणाऱ्या कॅल्शियमच्या वाटा हे औषध अडवतं, असं त्यांना दिसलं. सोबत त्यांनी कॅथरँथिनही तपासलं, त्यानेही दुखणं कमी झालं. कॅथरँथिन कुठलं, माहितेय? तुझ्या तुळशीवृंदावनाजवळच्या सदाफुलीतलं! इबोगा, सदाफुली, तगर, कण्हेर ही सगळी एकाच कुळातली झाडं. आणि सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टिन मिळतं, ते कर्करोगावर चालतं आणि नसाही दुखावतं. (म्हणून पानं उकळून पिऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.)

पण हे सगळं उंदरांवरचं आहे. नसांच्या दुखण्यासाठी यातलं एकही औषध आज दुकानात मिळत नाही. तुझ्या हाती आज असलेलं औषध वेगळं आहे, ड्युलॉक्सेटिन. २०१३ च्या चाचणीत २३१ रुग्ण होते. पाच आठवड्यांनी हे औषध घेणाऱ्या शंभरातल्या ५९ जणांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८ जणांनी. फरक प्रचंड नाही, पण खरा आहे, आणि तुझ्यासारखं प्लॅटिनमचं औषध घेतलेल्यांना तो जास्त जाणवल्यासारखा दिसला. बधिरपणापेक्षा वेदनेवर ते जास्त चालतं. डॉक्टरांना स्पष्ट विचार, यकृत, किडनी आणि रक्तदाबाबद्दल सांग, आणि गोळी सुरू झाली तर त्यांना न विचारता एकदम बंद करू नकोस.

बाकी, अनवाणी फिरू नकोस, पायाच्या तळव्यांवर रोज रात्री आरशात नजर टाक, आणि अंघोळीचं पाणी कोपराने तपासून घे. बोटांवर विश्वास ठेवू नकोस सध्या.

२४ तारखेला सकाळच्या गाडीने येते. डॉक्टरांकडे बरोबरच जाऊ, मी प्रश्न लिहून आणते. लोकरीचे हातमोजे विणलेत, लाल. फ्रिज मी उघडीन.

तुझीच,
शैला