टीचर, तुमच्या फ्रिजमधले ते नऊ वाकडे गुलाब

प्रिय टीचर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही हात झटकून ‘नाका गो’ म्हणाला असतात, हे मला ठाऊक आहे. गावाचंही नाव नको. म्हापशापासून रिक्षानं जाता येतं, घरासमोर तुळशीवृंदावनासारखा पांढरा क्रूस आहे आणि फाटकाला पुठ्ठ्याची पाटी: ‘केक, बेबिंका ऑर्डरप्रमाणे’. गोव्यातल्या बार्देश तालुक्यात अशी घरं पुष्कळ असतील, तेव्हा तुम्ही सापडणार नाही, काळजी नसावी.

मी कोल्हापूरची. नोव्हेंबरात आमच्या ह्यांच्या कॉलेजच्या ग्रुपबरोबर आठवडाभर गोव्याला आले होते. पहिल्या दिवशी समुद्र बघितला, दुसऱ्या दिवशीही तोच समुद्र बघितला. मंडळी पुन्हा तिकडेच निघाली तेव्हा मी पाय मोकळे करायला गावात शिरले आणि तुमच्या पाटीपाशी थांबले. तुम्ही झाडांना पाणी घालत होता. उद्यापासून तीन सकाळी तीन मुलींचा केकचा क्लास आहे, चौथी बसली तर बसली, असं म्हणालात. फी सांगितलीत ती इतकी कमी होती की मला वाटलं एका दिवसाचीच सांगताय.

माझा आधीचा अनुभव तुम्हाला अर्धाच सांगितला होता. आज पूर्ण सांगते, कारण रागही अजून ओला आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका मोठ्या क्लासला गेले होते. एसी हॉल, वीस बायका, सगळ्यांना एकसारखे गुलाबी ॲप्रन, साडेसात हजार रुपये. क्रीम आधीच फेटून ठेवलेलं, केक प्रीमिक्सचा, आपण फक्त क्रीमची पिशवी दाबून फुलं काढायची. मी पिशवी डाव्या हातात धरली. मॅडम मागून आल्या, ती काढून माझ्या उजव्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “डाव्यानं फुलं येत नाहीत काकू. नाही जमत असेल तर तुम्ही व्हिडिओ काढा, घरी बघून करा.” मग मी तासभर बाकीच्यांचे व्हिडिओ काढले. सर्टिफिकेट मात्र मिळालं, लॅमिनेट केलेलं. ते कपाटात साडीच्या घडीखाली पसरून ठेवलंय, घडी मोडत नाही.

खरं तर मला ह्याची सवय आहे. पहिलीत बाईंनी पट्टीनं डाव्या हाताची बोटं लाल केली म्हणून मी लिहायला लागले उजव्यानं. बाकी सगळं डाव्यानं: कणीक, विळी, सुई, झाडू. पन्नाशी उलटली तरी देवळात प्रसादाला हात पुढे केला की कुणीतरी ‘तो नको, दुसरा’ म्हणतंच. हळदीकुंकवाला उजव्या बोटानं कुंकू लावते तर अर्धं समोरचीच्या नाकावर. शंभरातली दहाएक माणसं डावखुरी असतात म्हणे. ती सगळी कुठं लपून बसलेली असतात कोण जाणे.

तर तुमच्याकडे आले ती उजवी होऊनच आले. पहिल्या दिवशी ते खपलंही, कारण त्या दिवशी होता बाथ. नारळ आणि रव्याचा हा केक आम्ही घाटावरच्या लोकांनी फारसा खाल्लेला नसतो. भिजवलेलं मिश्रण रात्रभर ठेवलं की रवा छान फुलतो, म्हणून तुम्ही आदल्या रात्रीचं पातेलं आमच्यापुढं ठेवलंत आणि आम्ही भिजवलेलं दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवलंत. नारळ खवताना मी डाव्या हातानंच खवला. तेव्हाच तुम्ही बघितलं असणार.

दुसऱ्या दिवशी क्रीम. बेबिंकाच्या, म्हणजे थरावर थर भाजून करायच्या त्या गोव्याच्या मिठाईच्या, ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. अंड्यांचे पिवळे बलक सगळे तिकडे जायचे आणि उरलेल्या पांढऱ्यात साखर घालून, गरम पाण्यावर धरून, फेटून तुम्ही आमचं बटरक्रीम करायचात. पूर्वी पोर्तुगीज मठांत उलटं चालायचं असं सांगतात. पांढरं कपड्यांच्या खळीला आणि उरलेल्या बलकांची मिठाई. तुमच्याकडे काहीच उरत नव्हतं. लोणी घातल्यावर माझं क्रीम फाटलं, पनीरसारखे गोळे झाले. मी ते टाकायला निघाले तर तुम्ही भांडं परत मशीनखाली सरकवलंत. “फेटत राव. येता तें.” आलंही, पाच मिनिटांत, रेशमासारखं.

आणि मग मी पिशवी उजव्या हातात घेतली. केकच्या कडेला शंख काढायचे होते, माझे शंख म्हणजे मेलेल्या गोगलगाई. तुम्ही दोन-तीन गोगलगाई होऊ दिल्यात. बोटीवर नोकरीला निघालेली ती मुलगी, जिला जहाजाच्या किचनमध्ये जायचं होतं, ती खुदकन हसली. तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणालात, “चहाचा कप डाव्या हातात. चमचा डाव्या हातात. नारळ डाव्या हातानं. आणि ही पिशवी उजव्या हातात कित्याक?”

मी पुण्याचं सांगितलं. डाव्यानं फुलं येत नाहीत, एवढंच. तुम्ही पाकळीचा नोझल उचलून खिडकीकडे धरलात. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळतं तोंड. “कात्रीला डावं-उजवं असतं,” म्हणालात. “ह्याला खंय आसा?” मग थोडं गप्प राहून, “पण मी उजवी. मला दाखवता येईल का ठाऊक नाही. फाल्यां पळोवया.”

उद्या बघू. आमच्याकडे ह्याचा अर्थ विषय संपला असा होतो. मीही तोच घेतला.

तिसऱ्या दिवशी गुलाब होते. मुली यायच्या होत्या, मी लवकर पोचले होते. तुम्ही ओट्यापाशी बेबिंकाचा थर ओतत होता, एक थर वरून तांबूस झाल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, त्यामुळे तुम्हाला हलता येत नव्हतं. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून पेपरात वाचलं होतं, पण त्यासाठी बाई किती वेळ एका जागी उभी राहते ते पेपरात नव्हतं. तुम्ही पाठमोऱ्याच म्हणालात, फ्रिजमधलं लोणी काढ.

लोण्याच्या खालच्या फळीवर एक थाळी होती. बटरपेपरवर ओळीनं नऊ गुलाब. पहिला म्हणजे कोबी. दुसऱ्याच्या पाकळ्या एका बाजूला कलंडलेल्या. चौथ्याचा मधला कोंब बाहेर पडलेला. मला वाटलं घरात कुणी लहान मूल असेल, त्याला खेळायला दिलंय. सातव्यापासून जरा आकार येत होता. नववा गुलाब होता, म्हणजे ओळखू येत होता. आणि सगळ्यांच्या पाकळ्या उलट्या बाजूनं एकमेकींवर चढलेल्या होत्या.

“ते म्हजे,” तुम्ही म्हणालात, आणि तुमचे कान लाल झाले. “रात्री जेवणानंतर बसले. डाव्या हातानं. तुला कुठं अडतं ते मला कळायला नको?”

टीचर, मी लोणी हातात धरून तशीच उभी राहिले. फ्रिज उघडा होता, तो टीं टीं करायला लागला.

तुमचा हात केकवर चालताना मी दोन दिवस बघितला होता. बोलता बोलता, बघतही नसताना, गुलाब पडायचे तुमच्या हातून. तो हात बाजूला ठेवून, दिवसभर उभं राहून झाल्यावर, तुम्ही रात्री पहिलीतल्या पोरीसारखे कोबी काढत बसलात. जिच्याशी तुमची दोन दिवसांची ओळख, जी परवा बस पकडून जाणार, पुन्हा येईल न येईल. पहिलीपासून मला शिकवणारी जी जी माणसं भेटली त्यांनी माझा हात बदलला. स्वतःचा हात कुणी बदलून बघितला नव्हता.

पुढचं शिकवणं तर अगदी साधं होतं. फुलं काढायच्या त्या पसरट डोक्याच्या खिळ्यावर गुलाब काढताना तुम्ही खिळा ज्या दिशेनं फिरवता त्याच्या उलट मी फिरवायचा, घड्याळाच्या काट्यांसारखा. केकच्या कडेची नक्षी उजवीकडून डावीकडे आणायची. आणि शेजारी उभं न राहता समोर बसायचं. तुम्ही स्टूल ओढून टेबलाच्या पलीकडे बसलात. “आरशात बघतेस असं समज.” तुमचा उजवा, माझा डावा, समोरासमोर. इतकं सोपं! वीस बायकांना मागे उभं करणाऱ्या मॅडमना हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. विचार करायला थांबावं एवढं महत्त्वाचं त्यांना वाटलं नाही, बस. पुण्यात ‘तुम्ही व्हिडिओ काढा’ हे वाक्य ऐकायला साडेसात हजार पडले. माणसाची माणुसकी मी आजवर मोठ्या संकटातल्या मदतीवरून मापत आले. आता मापताना ती थाळी आठवते.

उकाड्यानं क्रीम पातळ होत होतं, माझी पिशवी मऊ पडली की तुम्ही फ्रिजमधली दुसरी हातात ठेवायचात, न विचारता. माझा पाचवा गुलाब बघून बोटीवरची मुलगी म्हणाली, आंटी, हा मी फोटोत घेऊ? घे म्हटलं. ह्या वेळी फोटो तिनं काढला.

निघताना जास्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी तुमचा नववा गुलाब मागितला तेव्हा मात्र हसलात. स्टीलच्या डब्यात, खाली बर्फाची पिशवी घालून दिलात. आंबोली घाटापर्यंत तो गुलाब होता. आजऱ्याला डबा उघडला तर एक पिवळा गोळा. मी तो बोटानं चाटून खाल्ला, डाव्या. ह्यांनी विचारलं, काय खातेस? सांगायला वेळ लागला असता.

आता शेवटचं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहिता, त्यामुळे देवनागरी नाव केकवर डाव्या हातानं काढताना काय होईल ते तुम्हाला सांगता आलं नव्हतं. शिरोरेघ आधी की नंतर, घरी करून मला कळव, म्हणाला होता. मागच्या रविवारी आईचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस झाला. बाथच केला, वर तुमचं क्रीम, कडेला पाच गुलाब. मधोमध ‘आई’ लिहिलं. पहिलीनंतर डाव्या हातानं काढलेली ही माझी पहिली अक्षरं. तीन वेळा थाळीवर सराव केला तेव्हा लक्षात आलं. शिरोरेघ नंतर. आधी काढली तर मनगट तिच्यावरून जातं आणि ती पुसते. आणि ओढायची उजवीकडून डावीकडे.

देव बरें करूं, टीचर.

तुमची,
कोल्हापूरची चौथी