फोटो नकोत, मक्याची गोष्ट सांगा

प्रिय आई, बाबा,

सलाम.

फोनवर नीट बोलणं होत नाही. आईला कमी ऐकू येतं, बाबा स्पीकर लावतात आणि मागे टीव्हीवर बातम्या चालूच असतात, आणि मी ड्यूटीवरून आलेली असते. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तब्येत ठणठणीत आहे. मलेरियाच्या गोळ्या रोज घेतल्या, परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात, त्या चालू आहेत. वजन वाढलंय, तेव्हा आई, 'पोरगी वाळली असेल' म्हणून डिंकाचे लाडू करत बसू नकोस. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला मी नर्स म्हणून ज्या हॉस्पिटल-जहाजावर होते, तिथे खायला भरपूर होतं. शहरात गेलं की भात आणि वर पाम तेलात शिजवलेली कसाव्याच्या (ज्या कंदाचा साबुदाणा होतो, त्याच्या) पाल्याची भाजी. दिवसभर काहीही खाल्लेलं असो, भात पोटात गेला नाही तर तिथली माणसं जेवलो म्हणत नाहीत. बाबांसाठी एक गंमत: तिथल्या विमानतळाचं नाव लुंगी. लुंगीला उतरायचं आणि बोटीत बसून पलीकडे राजधानीत, फ्रीटाऊनला जायचं.

आई, 'किती जणांना प्रभूचं नाव सांगितलंस?' या तुझ्या प्रश्नावर मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं. तुला अभिप्रेत आहे तसं मी कुणालाच सांगितलं नाही. सिएरा लिओनमध्ये बहुतेक लोक मुसलमान आहेत. ऑपरेशनसाठी माणूस निवडताना त्याचा आजार बघतात, धर्म विचारत नाहीत. आणि जे ख्रिस्ती आहेत त्यांना मी काय शिकवणार? अमेरिकन मिशनरी हॉल आणि नॉट मुंबईला उतरले 1813 साली, हे तू मला शब्बाथ शाळेत पाठ करून घेतलंस. फ्रीटाऊन वसलं 1792 साली. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात राहिलेले काळे लोक तिथे जहाजांतून आले आणि आपले पाळक, आपल्या मंडळ्या सोबत घेऊनच उतरले. आपल्या नगरला 1831 मध्ये मिशन आलं, तेव्हा तिथली दुसरी पिढी भजनं म्हणत होती. 'कशी आहेस?' विचारलं की तिथे 'आ टेल गॉड टेंकी' म्हणजे 'देवाचे आभार' असं उत्तर येतं. मशिदीत जाणारेही तेच म्हणतात आणि चर्चमध्ये जाणारेही. मी रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी उभी राहून मनातल्या मनात प्रार्थना करत होते. तेवढंच.

आता जहाजाबद्दल. ग्लोबल मर्सी 174 मीटर लांब आहे, आत सहा ऑपरेशन थिएटर. हर्निया, गलगंड, दुभंगलेले ओठ, तोंडावरच्या मोठमोठ्या गाठी, भाजून आखडलेले हात, सगळी ऑपरेशनं फुकट. काम करणारे मात्र आपल्या राहण्या-खाण्याचे पैसे स्वतः भरतात. म्हणून तर आपल्या चर्चच्या महिला मंडळाने चकल्या आणि लोणची विकली. मंडळीत सगळ्यांना वाटतंय की मी हालअपेष्टा सोसून आले. बाबा, तिथे एसी होता, चोवीस तास पाणी होतं आणि एका नर्सकडे चार-पाच पेशंट. इथे माझ्या जनरल वॉर्डात एकटीकडे वीसच्या वर असतात आणि रात्री सलाइनचे स्टँड पुरत नाहीत. परत आल्यावर पहिल्याच नाइटला मी तिथल्यासारखं एकेका पेशंटपाशी थांबून बोलायला गेले, तर पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी हाका मारून वॉर्ड डोक्यावर घेतला. मला 'बिचारी, आफ्रिकेत राहून आली' म्हणणाऱ्यांना हे कसं सांगू?

वॉर्डात माझ्याबरोबर तिथलीच एक सीनियर नर्स होती. 2014 च्या इबोलाच्या साथीत तिच्या बरोबरच्या कितीतरी नर्सेस गेल्या. ती स्वतः त्या काळात कामावर होती. मुलांना बहिणीकडे ठेवून महिनोन्महिने लांबूनच बघायची. असं सगळं ती औषधाच्या ट्रॉलीपाशी गोळ्या मोजता मोजता सांगायची, मध्येच मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ड्रेसिंग कसं करायचं ते मला माहीत होतं. घाबरलेल्या बाईजवळ किती वेळ काही न बोलता बसायचं, ते तिच्याकडून शिकले.

आणि एक मुलगा होता, सहा-सात वर्षांचा, गुडघ्यापासून दोन्ही पाय बाहेर वाकलेले. ऑपरेशननंतर मांडीपासून घोट्यापर्यंत दोन्हीकडे प्लास्टर. आत खाज सुटली की तो पट्टी घालून खाजवायचा. आई त्याच्या हातावर फटका मारायची, आणि आपल्याकडे कुणी बघत नाहीसं वाटलं की स्वतःच स्ट्रॉ घालून त्याला खाजवून द्यायची. रात्री ती त्याच्याच खाटेखाली झोपायची. वेळ झाली की दोन खाटांच्या मधल्या जागेत चटई टाकून नमाज पढायची. रविवारी वॉर्डात ढोल घेऊन भक्ती व्हायची, तेव्हा हीच बाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायची.

एकदा फोटोवाला आला. तिथे आम्हाला आपल्या मोबाइलवर पेशंटचे फोटो काढता येत नाहीत. ते काम ठरलेल्या माणसांचं, तेही परवानगी घेऊन. त्याने दुभाष्याकरवी तिला विचारलं, मुलाचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही फोटो लोकांना दाखवले तर चालतील का? ती म्हणाली, "डॉक्टरच्या कागदासाठी काढला तो काढला. लोकांना दाखवायचा तर तो बूट घालून उभा राहील तेव्हा काढा. आधीचा नको." बूट तिने ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवले होते, काळे, दोन नंबर मोठे. खाटेखाली प्लास्टिकच्या पिशवीत होते. फोटोवाल्याने मान डोलावली, कागदावर 'नाही'ची खूण केली आणि गेला.

बाबा, त्या क्षणी मला तुमचं कपाट आठवलं. आजोबांच्या वेळी कुणी अमेरिकन पाहुण्याने आणून दिलेली ती जुन्या छायाचित्राची प्रत. डावीकडे बरगड्या दिसणारी पोरं, उजवीकडे पांढरे सदरे घातलेली पोरं. खाली आकडा आहे, नावं नाहीत. आपले पणजोबा त्यातले कोणते हे विचारलं की आजोबा दर वेळी वेगळ्याच पोरावर बोट ठेवायचे. 1899-1900 च्या दुष्काळात पणजोबा अनाथाश्रमात आले. नाव मिशनने लिहून घेतलं, गाव कुणी लिहिलं नाही, म्हणून आपल्याला मूळ गावच नाही. 1900 मध्येच न्यूयॉर्कहून 'क्विटो' जहाज मुंबईला आलं, मक्याने भरलेलं, अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी वर्गणी काढून पाठवलेलं. त्यातला मका पणजोबांच्या ताटात आला होता की नाही, देव जाणे. पण मोठेपणी त्यांनी कधी मक्याला तोंड लावलं नाही, कणीस भाजायचा वास आला की उठून जायचे, हे तुम्हीच हसत हसत सांगता. ते उपकार विसरले नव्हते. जन्मभर मिशनच्या शाळेत मास्तरकी केली, रविवार चुकवला नाही. मक्याबद्दलही त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. पाळकसाहेबांनी या रविवारी चर्चमध्ये माझी साक्ष ठेवली आहे, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून अनुभव सांगायचा. तरुण संघाने प्रोजेक्टरसाठी स्लाइड केल्या आहेत, काल मला पाठवल्या. नेटवरून घेतलेली, पोट सुटलेली, नाकाला माश्या बसलेली पोरं. ती सिएरा लिओनची तरी आहेत का, कुणास ठाऊक. हौसेने केलंय, मी रागावले नाही. साक्ष द्यायला मी तयार आहे. ज्यांच्या चकल्यांवर मी गेले त्यांना ऐकायचा हक्क आहे. पै न् पैचा हिशेब लिहून आणते, तो महिला मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना देईन. पण पडद्यावर एकही पोर नको.

त्याऐवजी माझ्याआधी तुम्ही पाच मिनिटं उभे राहा, बाबा. मक्याची गोष्ट सांगा, ते दोन फोटो आणि आजोबांचं बोट, सगळं सांगा. माझं पुढचं सोपं होईल. आपण त्या चित्रात डावीकडे उभे होतो, हे आपल्या मंडळीतली निम्मी घरं विसरली आहेत. अमेरिकेतल्या लेकाच्या डॉलरवर नवं छप्पर टाकणाऱ्यांना तर ते मुळीच आठवायचं नाही. तुम्ही म्हणाल, 'घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?' मग त्या बाईच्या घरातली कशाला?

आईला हे पटेल की नाही, मला शंका आहे. तिला अजून वाटतं, मी प्रभूचं काम करून आले तर थोडं तरी ठसठशीत दिसायला हवं. आई, तुझ्याशी यावर समोरासमोर बसून भांडेन, पत्रात नाही.

पाळकसाहेबांना मी फोन केला तर ते 'बघू, बघू' म्हणून स्लाइड लावतीलच. तुम्ही कमिटीत आहात, तुमचं ऐकतात. गुरुवारच्या प्रार्थनेआधी बोलून घ्या. तरुण संघाच्या पोरांचं मन मोडू नका. त्यांना माईक आणि खुर्च्यांचं काम द्या, आणि हवा असेल तर फ्रीटाऊनचा नकाशा लावू दे.

मी शनिवारी दुपारपर्यंत पोचते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथूनच आणते, तिकडे घेऊ नका. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे आधी काढून ठेवा. 'तू आल्यावर बघू' करत दोन महिने गेले आहेत.

तुमची लेक