दोन ड्राइव्ह असतील तर ग्रबही ज्याच्या त्याच्याकडे हवे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, ते भंगारात न टाकता त्यांवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घाला, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. अनेक जण जुन्या ड्राइव्हवरचे विंडोज आहे तसे ठेवतात, एक नवी एसएसडी जोडतात आणि तिच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचे दोन प्रकार) घालतात. पद्धत चांगली आहे. पण सल्ला देणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, आणि तिच्यापायी धडधाकट संगणक एक दिवस सुरूच होत नाही.

आजच्या संगणकांत युईएफआय हे मदरबोर्डवरचे, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर असते. संगणक सुरू झाला की ते ड्राइव्हवरच्या एका लहानशा फॅट३२ पार्टिशनमध्ये (ड्राइव्हच्या वेगळ्या भागात), म्हणजे ईएसपीमध्ये, बूट लोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, शोधते. विंडोजने केलेली ईएसपी बहुधा १०० एमबीची असते. लिनक्सचा बूट लोडर म्हणजे ग्रब. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन निवडण्याच्या पडद्यावर अगदी तळाशी, बूट लोडर कोणत्या ड्राइव्हवर ठेवायचा हे विचारणारी ओळ असते. तिथे नवी एसएसडी निवडली तरी युईएफआय संगणकावर इन्स्टॉलर ती निवड बाजूला ठेवतो आणि पहिल्या सापडलेल्या ईएसपीत, म्हणजे बहुतेक वेळा विंडोजच्याच ड्राइव्हवर, ग्रब ठेवून मोकळा होतो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमधला हा दोष वर्षानुवर्षे माहीत असलेला आहे.

त्या दिवशी सगळे सुरळीत चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे विंडोजचा जुना ड्राइव्ह खराब झाला किंवा काढला, की नव्या एसएसडीवरचे लिनक्स शाबूत असूनही सुरू होत नाही, कारण त्याचे ग्रब जुन्या ड्राइव्हबरोबर गेले. उलट लिनक्सची एसएसडी काढली, तर विंडोजच्या ड्राइव्हवर उरलेल्या ग्रबला स्वतःची मेन्यू फाइल सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसते ‘ग्रब>’ दिसते. अशा वेळी लोक घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करतात. कृपया करू नका, डेटा जागच्या जागी असतो. तिथे ‘एक्झिट’ टाइप केले की बहुतेक संगणक बूट यादीतल्या पुढच्या नोंदीकडे जातात आणि विंडोज सुरू होते. (या पत्रातल्या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

सर्वांत खात्रीचा उपाय इन्स्टॉल करण्याआधीचा आहे. संगणक बंद करून विंडोजच्या ड्राइव्हची केबल काढा, एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी एसएसडी) असेल तर स्क्रू सोडवून ती बाहेर घ्या, आणि मगच लिनक्स घाला. दुसरा ड्राइव्ह दिसतच नसल्याने इन्स्टॉलर एसएसडीवर नवी ईएसपी करतो आणि ग्रब तिथेच बसवतो. नंतर केबल परत जोडा.

इन्स्टॉल आधीच झाले असेल तर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या आणि ‘/बूट/ईएफआय’ कोणत्या ड्राइव्हच्या पार्टिशनसमोर दिसते ते पाहा. विंडोजच्या ड्राइव्हसमोर दिसले, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) जीपार्टेड हा पार्टिशन करण्याचा प्रोग्राम उघडून एसएसडीवर ५१२ एमबीचे फॅट३२ पार्टिशन करा आणि त्याला ‘बूट’ व ‘ईएसपी’ हे फ्लॅग (खुणा) लावा. मग नेहमीच्या लिनक्समध्ये परत या. ‘बीएलकेआयडी’ने नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) घेऊन, सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची ते सांगणाऱ्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमधल्या ‘/बूट/ईएफआय’च्या ओळीत जुन्याच्या जागी लिहा. जुने पार्टिशन अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) नवे माउंट करा (जोडा), ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवा. एफएसटॅबची ओळ बदलायची राहिली, तर रीस्टार्टनंतर जुनीच ईएसपी माउंट होते आणि पुढचे बदलही तिथेच जातात. नेमकी हीच पायरी सुटते. सिक्युअर बूट (फक्त सही केलेले बूट लोडर चालू देणारी युईएफआयची सोय) चालू असेल तर ग्रबच्या फोल्डरचे नाव बदलू नका. मिंटमध्येही ते ‘उबुंटू’च असते, कारण सही केलेले ग्रब आपली फाइल त्याच नावाखाली शोधते.

मेन्यूत विंडोज दिसत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेला आहे. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ (‘फॉल्स’ सोडून बाकी सगळी मोठ्या अक्षरांत) घालून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. तरीही दिसले नाही, तर विंडोज युईएफआयच्या आधीच्या, जुन्या लेगसी पद्धतीने घातलेले आहे का ते तपासा. युईएफआयमधून सुरू झालेले ग्रब लेगसी विंडोजला सुरू करू शकत नाही. तिथे मेन्यूशी झगडण्यात अर्थ नाही.

इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत ‘एचडी०’, ‘एचडी१’ असे आकडे हाताने लिहायला सांगतात. ते टाळा. ग्रब ड्राइव्ह शून्यापासून मोजते, आणि कोणता ड्राइव्ह शून्य हे त्या दिवशी युईएफआय ज्या क्रमाने ड्राइव्ह दाखवील त्यावर ठरते. एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला तरी आकडे सरकू शकतात. यूयूआयडी सरकत नाही.

विंडोजच्या ड्राइव्हवर बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल, तर काहीही करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटचा मार्ग बदललेला दिसला की बिटलॉकर ती मागू शकते. अशा संगणकावर विंडोज ग्रबमधून सुरू न करता सुरुवातीलाच बूट मेन्यूची कळ दाबून (डेल आणि लेनोव्होत सहसा एफ१२, एचपीत एफ९) थेट निवडणे माझ्या मते उत्तम. दोन्ही ड्राइव्ह स्वतंत्र ठेवण्याचा खरा फायदा इथे मिळतो.

ड्राइव्ह काढून परत लावला की काही मदरबोर्ड त्याची बूट नोंद विसरतात. त्यासाठी एकदा ‘ग्रब-इन्स्टॉल’ला ‘--रिमूव्हेबल’ जोडून चालवा. मग ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या जागीही ग्रबची प्रत बसते, आणि नोंद नसली तरी युईएफआय तिथे पाहते.

लिनक्स घालून देणाऱ्या दुकानदारांना एवढीच विनंती: संगणक ग्राहकाच्या हाती देण्याआधी विंडोजच्या ड्राइव्हची केबल काढून तो एकदा सुरू करून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

आपला,
एक वाचक