वरिष्ठांच्या कानावर घातले की जबाबदारी संपते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाविश्वातील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांवर आपल्या दैनिकात नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. गुन्हा एका व्यक्तीने केला असताना अख्ख्या संस्थेला आणि तिच्या निरपराध खेळाडूंना शिक्षा का, असा प्रश्न त्यात विचारला आहे. प्रश्न गैर नाही. मात्र लेखकाने गुन्हा एकच धरला आहे आणि माझा मतभेद तिथेच आहे. अत्याचार करणे हा एक अपराध आणि तो ठाऊक असून त्यावर पांघरूण घालणे हा दुसरा. पहिला अपराध एकटा माणूस करू शकतो. दुसऱ्याला क्रीडा विभाग, प्रशासन, कायदा विभाग आणि प्रश्न न विचारणारे विश्वस्त असे बरेच हात लागतात. म्हणूनच त्याचा जाब संस्थेला द्यावा लागतो.

पेनसिल्व्हेनियातील पेन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण घ्या, कारण त्यातील बरीच कागदपत्रे आता उघड झालेली आहेत. जेरी सँडस्की हा तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा दीर्घकाळ सहायक प्रशिक्षक होता. अडचणीतील मुलांसाठी त्याने १९७७ मध्ये ‘द सेकंड माइल’ ही संस्था काढली आणि पुढे त्याच संस्थेच्या वाटेने मुले त्याच्या तावडीत सापडत गेली. १९९८ मध्ये एका आईने विद्यापीठाच्या पोलिसांकडे तक्रार केली. चौकशी झाली, पण जिल्हा सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. दुसऱ्याच वर्षी सँडस्की निवृत्त झाला, तेव्हा विद्यापीठाने त्याला १ लाख ६८ हजार डॉलरची रक्कम, मानद प्राध्यापकाचा दर्जा आणि क्रीडा इमारतींत वावरण्याची मुभा दिली. २००० मध्ये एका सफाई कर्मचाऱ्याने त्याला स्नानगृहात एका मुलावर अत्याचार करताना पाहिले. त्याने सहकाऱ्यांना सांगितले, पण नोकरी जाईल या धास्तीने कोणीच वाच्यता केली नाही. फुटबॉलविरुद्ध बोललो तर विद्यापीठ आपल्या नव्हे, फुटबॉलच्या पाठीशी उभे राहील, हे त्या माणसांनी अचूक ओळखले होते. कोणत्याही चौकशी अहवालापेक्षा हे निदान मला अधिक बोलके वाटते.

यानंतर २००१ चा फेब्रुवारी येतो. शुक्रवारी, ९ तारखेच्या रात्री माइक मॅक्वेरी या तरुण सहायकाने सँडस्कीला एका लहान मुलासोबत स्नानगृहात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या घरी जाऊन ते सांगितले. पॅटर्नो यांनी ते क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातले. मात्र कोणाचा शनिवार-रविवार बिघडू नये म्हणून आपण लगेच कळवले नाही, असे त्यांनी पुढे ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, शपथेवर सांगितले. कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांचे आधी ठरले होते की बालकल्याण खात्याला कळवायचे. पण पॅटर्नो यांच्याशी बोलल्यावर आपला विचार बदलल्याचे कर्ली यांनी ई-मेलने लिहिले. आधी सँडस्कीशीच बोलावे आणि त्याला व्यावसायिक मदत घेण्यास सुचवावे, असा त्यांचा नवा प्रस्ताव होता. स्पॅनियर यांनी त्याला संमती दिली आणि उत्तरात नोंदवले की, सँडस्कीने ऐकले नाही तर वेळीच न कळवल्याबद्दल आपण अडचणीत येऊ, एवढाच यात धोका आहे. म्हणजे संस्थेला असलेला धोका त्यांना स्वच्छ दिसत होता. तो मुलगा कोण, कुठे राहतो, कसा आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न मात्र कोणीही केला नाही.

या सगळ्यात प्रत्येकाने आपापल्या परीने ‘वर’ कळवले होते, हे ध्यानात घ्यावे. साक्षीदाराने प्रशिक्षकाला सांगितले, प्रशिक्षकाने संचालकाला, संचालकाने अध्यक्षांना. त्यामुळे उद्या विचारणा झालीच तर ‘मी माझे काम केले’ असे म्हणण्याची सोय प्रत्येकाकडे होती. आणि ही सोय त्या राज्याच्या कायद्यानेच करून ठेवली होती. बालअत्याचाराचा संशय आला तर कर्मचाऱ्याने संस्थेच्या प्रमुखाला सांगावे आणि प्रमुखाने सरकारी यंत्रणेला कळवावे, अशी तेव्हाची तरतूद होती. साखळीतील एक कडी गप्प बसली की बाकी सगळे कायद्याने निर्दोष. सँडस्की प्रकरणानंतर पेनसिल्व्हेनियाने २०१४ मध्ये हा कायदा बदलला. आता संशय आलेल्या व्यक्तीने स्वतः थेट सरकारी यंत्रणेला कळवायचे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यानंतर सांगायचे. वरवर हा केवळ क्रमाचा फरक वाटेल. पण दडपण्याची जागा याच क्रमात होती.

सँडस्कीला नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली. २०१२ मध्ये ज्युरीने ४८ पैकी ४५ आरोपांत त्याला दोषी ठरवले आणि त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. २००१ नंतरच्या वर्षांत ज्यांच्यावर अत्याचार झाले अशी मुलेही त्या खटल्यात होती. त्यामुळे न पाठवलेल्या एका सूचनेची किंमत कोणी मोजली, हे सांगत बसण्याची गरज नाही.

आता शिक्षेबद्दल. जुलै २०१२ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा नियामक संस्थेने पेन स्टेटला ६ कोटी डॉलरचा दंड केला, मोसमाअखेरच्या सामन्यांतून संघाला ४ वर्षे वगळले, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या कमी केल्या आणि १९९८ पासूनचे विजय रद्द केले. आपल्या लेखकाचा सगळा रोष यावर आहे आणि त्यातील काही भाग मलाही पटतो. बाद केलेले विजय ज्या खेळाडूंनी मिळवले होते त्यांचा काही दोष नव्हता. एनसीएएने स्वतः चौकशीही केली नव्हती. विद्यापीठाने नेमलेले एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांच्या अहवालावरच ती विसंबली होती. पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे त्या अहवालात येऊ शकले नाही आणि त्यांच्या कुटुंबीयांनी अहवालाचे निष्कर्ष ठामपणे नाकारले. पुढे सामन्यांवरील बंदी मुदतीआधी उठली आणि जानेवारी २०१५ मधील तडजोडीत विजयही परत देण्यात आले. ही घाईची, दिखाऊ कारवाई होती असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र त्यावरून संस्थेला शिक्षाच नको, असा निष्कर्ष निघत नाही. नियम आधी असायला हवा होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तो नियम नव्हता. बेलर विद्यापीठाच्या प्रकरणात ऑगस्ट २०२१ मध्ये एनसीएएच्या समितीने निर्णय दिला की, लैंगिक हिंसाचाराच्या तक्रारी न कळवणे हे विद्यापीठाचे मोठे अपयश असले, तरी त्याने एनसीएएच्या नियमांचा भंग होत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात उपचाराच्या नावाखाली अत्याचार करणारा डॉक्टर लॅरी नासर याच्या प्रकरणातही २०१८ मध्ये एनसीएएला नियमभंग आढळला नाही. आणि याच नियमपुस्तकाखाली ओहायो स्टेटच्या संघाचे २०१० च्या मोसमातील विजय गेले, २०१२ च्या मोसमाअखेरच्या सामन्याला त्याला मुकावे लागले. कारण काय, तर खेळाडूंनी आपल्या वस्तूंच्या बदल्यात पैसे आणि टॅटू घेतले, आणि ते ठाऊक असून प्रशिक्षकाने कळवले नाही. गोंदवून घेतल्याची बातमी दडपली तर शिक्षा आणि अत्याचाराची दडपली तर नाही, अशी ही विलक्षण नियमावली आहे. माहिती दडपण्याबद्दल संस्थेला शिक्षा करता येते, हे या नियामकाला पुरते ठाऊक आहे. कशाबद्दल करायची, हे मात्र खेळाच्या बाजाराने ठरवले आहे.

मिशिगन स्टेटच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला सर्वांत चिंताजनक वाटते. २०१४ मध्ये एका माजी विद्यार्थिनीने नासरविरुद्ध तक्रार केली. विद्यापीठाच्या अंतर्गत चौकशीने ज्या वैद्यकीय तज्ज्ञांचे मत घेतले ते विद्यापीठाशीच संबंधित होते, आणि नासरची कृती म्हणजे उपचारच होय, असा निष्कर्ष काढण्यात आला. अहवालाच्या दोन प्रती निघाल्या. या पद्धतीमुळे रुग्णांना अनावश्यक मानसिक त्रास होऊ शकतो आणि विद्यापीठ कायदेशीर अडचणीत येऊ शकते, हा इशारा विद्यापीठाकडील प्रतीत होता. तक्रारदार मुलीला दिलेल्या प्रतीत तो नव्हता. पोलिसांची चौकशी पूर्ण व्हायच्या आतच नासर पुन्हा रुग्ण तपासू लागला. तपासणीच्या वेळी तिसरी व्यक्ती हजर ठेवण्यासारख्या अटी कागदावर होत्या, पण त्या पाळल्या जातात की नाही, हे ज्या अधिष्ठात्यांनी पाहायचे त्यांनी ते पाहिलेच नाही. कर्तव्यातील या हयगयीबद्दल त्यांना २०१९ मध्ये शिक्षा झाली. २०१८ च्या जानेवारीत नासरच्या शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक स्त्रिया न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. त्यानंतरही राज्याच्या महाधिवक्त्यांनी मागितलेली सुमारे ६ हजार कागदपत्रे, ‘वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय संवाद’ म्हणून विद्यापीठाने अडवून धरली. ती देण्याचा ठराव विश्वस्तांनी केला तो डिसेंबर २०२३ मध्ये. त्यांत खळबळजनक असे काही निघाले नाही. तसे असेल तर ती पाच वर्षे कोणासाठी आणि कशासाठी अडवली, असा प्रश्न पडतो.

पेन स्टेटमध्येही वकिलाचाच घोळ झाला. विद्यापीठाच्या कायदेशीर सल्लागार ग्रँड ज्युरीपुढे कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर या अधिकाऱ्यांसोबत बसल्या होत्या. त्या आपल्या वतीने आल्या आहेत असे अधिकाऱ्यांना वाटले, प्रत्यक्षात त्या विद्यापीठाच्या वकील होत्या. या गोंधळापायी २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तिघांवरील कटकारस्थान आणि न्यायात अडथळा आणण्याचे आरोप रद्द केले. अखेर सिद्ध झाला तो मुलांची सुरक्षितता धोक्यात आणल्याचा सौम्य गुन्हा. कर्ली आणि शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये तो कबूल केला, स्पॅनियर यांना त्याच वर्षी ज्युरीने दोषी ठरवले आणि अपिलांच्या फेऱ्या संपून ते २०२१ मध्ये सुमारे दोन महिने तुरुंगात राहिले. २००१ च्या त्या ई-मेलची तारीख आणि तुरुंगवासाची तारीख यांत २० वर्षांचे अंतर आहे.

दरम्यान पैसे संस्थांनी भरले. पेन स्टेटने पीडितांना १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली, मिशिगन स्टेटने ५० कोटी डॉलर मान्य केले, तर मिशिगन विद्यापीठाने रॉबर्ट अँडरसन या दिवंगत डॉक्टरच्या प्रकरणात २०२२ मध्ये हजारावर तक्रारदारांसाठी ४९ कोटी डॉलरची तडजोड केली. पीडितांना ही भरपाई मिळायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण हे पैसे संस्थेच्या तिजोरीतून आणि विम्यातून जातात. ज्याने फाइल बंद केली त्याच्या खिशाला झळ पोहोचत नाही. उलट, पद सोडावे लागलेल्या स्पॅनियर यांना २०११-१२ या वर्षात निरोपाच्या रकमेसह सुमारे २९ लाख डॉलर मिळाले आणि त्या वर्षी सरकारी विद्यापीठांच्या अध्यक्षांत ते सर्वाधिक कमाईचे ठरले. दडपण्याचा हिशेब असा असेल तर दडपणाराला थांबवणार काय?

केवळ बालअत्याचाराचे कायदे कडक करूनही भागणार नाही, हेही सांगायला हवे. ओहायो स्टेटमधील डॉक्टर रिचर्ड स्ट्रॉस याने १७७ विद्यार्थ्यांवर अत्याचार केल्याचे २०१९ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. हे विद्यार्थी बहुतांशी १८ वर्षांवरील, धडधाकट खेळाडू होते, त्यांतले कित्येक कुस्तीगीर. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तक्रारी कर्मचाऱ्यांच्या कानावर येत होत्या आणि हा डॉक्टर १९९८ मध्ये सन्मानाने निवृत्त झाला. शिष्यवृत्ती, संघातील जागा आणि खेळण्यास तंदुरुस्त असल्याचा दाखला या तिन्ही गोष्टी ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध बोलणे सज्ञान खेळाडूलाही सोपे नसते. बालसंरक्षण कायद्यातील थेट कळवण्याची सक्ती अशा सज्ञान पीडिताच्या बाबतीत लागू होत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. महाविद्यालयीन खेळात काम करणाऱ्या प्रत्येकावर, पीडित अल्पवयीन असो वा सज्ञान, संस्थेबाहेरच्या यंत्रणेला थेट कळवण्याचे बंधन असावे. सज्ञान पीडिताचे नाव उघड करायचे की नाही, हा निर्णय मात्र त्याचाच असावा. चौकशी करणारा संस्थेच्या वकिलांना उत्तरदायी नसावा आणि त्याचा अहवाल तक्रारदाराला व संस्थेला शब्दशः एकच मिळावा. माहिती दडपल्याचे सिद्ध झाल्यास निरोपाची रक्कम व मानद पदे आपोआप रद्द होतील, असे कलम प्रशिक्षकापासून अध्यक्षापर्यंत सर्वांच्या नेमणूक करारात असावे. आणि अत्याचार दडपणे हा एनसीएएच्या नियमपुस्तकात स्वतंत्र नियमभंग असावा. त्याची शिक्षा आधीपासून लिहिलेली असेल, तर निरपराध खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक देऊन ती अंमलात आणता येते. पेन स्टेटच्या खेळाडूंना २०१२ मध्ये ती मोकळीक दिलीही होती.

विश्वस्तांचे काय, हा प्रश्न आपल्या लेखात आलाच नाही. सँडस्कीची ग्रँड ज्युरीकडून चौकशी चालू असल्याचे वृत्त एका स्थानिक दैनिकाने मार्च २०११ मध्ये छापले होते. मे महिन्याच्या बैठकीत पेन स्टेटच्या विश्वस्तांना त्याची थोडक्यात माहिती देण्यात आली. त्यांनी फारशी विचारपूस केली नाही आणि नोव्हेंबरमध्ये अटकेच्या बातमीने आपल्याला धक्का बसल्याचे सांगितले. अशा बैठकीत कोणत्या विश्वस्ताने काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे इतिवृत्तात नावानिशी नोंदवणे सक्तीचे करावे आणि ते इतिवृत्त चौकशी यंत्रणेला मागताक्षणी मिळावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक