म्हणीपुढे अर्थाऐवजी प्रसंग छापा

संपादक महोदय,

बालपुरवणीत म्हण आणि तिच्यापुढे एका ओळीचा अर्थ छापण्याची पद्धत आता बदलावी, ही विनंती. परीक्षेपुरता तो अर्थ पुरतो, पण त्यावरून मूल ती म्हण बोलताना वापरू शकत नाही.

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ हीच घ्या. ‘प्रत्येकाची वेळ येते’ हा तिचा ठरलेला अर्थ. पण सून माहेरी म्हणते तेव्हा ती दिवस मोजत असते. सासू स्वतःच म्हणते तेव्हा किल्ल्या सोपवायची तयारी झालेली असते. निवडणुकीनंतर पारावर कुणी म्हटली, तर नव्या सरपंचाला तो इशारा असतो. कोण, कुणाला, केव्हा म्हणतं हे एका वाक्यात दिलं की म्हण तोंडात बसते.

तसंच म्हणीतल्या वस्तूचं. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण गिरणीच पाहिलेल्या मुलाला कळणार कशी? तिथे पीठ थेट डब्यात पडतं. जात्याच्या तोंडात मुठीने दाणे घालायचे, खुंटा धरून वरचा दगड फिरवायचा, आणि पीठ दोन दगडांच्या फटीतून चहूबाजूंनी खाली गळतं. दळणाऱ्याच्या हाताला दाणे लागतात, खुंटा लागतो. पलीकडच्या बाजूचं पीठ मात्र डोळ्यांनीच राखावं लागतं. कुत्र्याचं फावतं ते तिथे. सोबत जात्याचं रेखाचित्र दिलं, की देखरेख नसलेल्या कारभारावरचा हा टोला वेगळा समजावावा लागणार नाही. ‘पळसाला पानं तीनच’ या म्हणीला तर पळसाच्या डहाळीचा फोटो पुरे.

परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘वड्याचं तेल वांग्यावर’ आणि ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणी एकाच अर्थाच्या म्हणून देतात, ते चूक आहे. पहिलीत राग एकाचा असतो आणि निघतो दुसऱ्यावर. दुसरीत राग नसतोच, न्याय चुकलेला असतो.

नुसते अर्थ पुन्हा छापायची गरजही नाही. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने 1899 साली मराठी म्हणी शेती, प्राणी, खाणं, नाती अशा गटांत लावून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ही आहेच. उणीव आहे ती बोलण्यातल्या वापराची, आणि ती वर्तमानपत्रच वाचकांकडून भरून काढू शकतं. म्हण जशी ऐकली तशीच मागवा, बोलीतला ‘न’ किंवा ‘ण’ सुधारू नका, गाव-तालुका आणि प्रसंग लिहायला सांगा. ‘अडला हरी’ आणि ‘अडला नारायण’ दोन्ही चालतात. एकाला चूक ठरवू नका.

जातींना आणि बायकांना हिणवणाऱ्या म्हणीही येतील. त्या नोंदवून ठेवाव्यात, कारण समाज कसा बोलत होता याचा तो पुरावा आहे. मुलांच्या पानावर मात्र त्यांना जागा देऊ नये.

– एक वाचक